जुन्या लॅपटॉपवर मुलांसाठी माइनक्राफ्टचा घरचा सर्व्हर चालवता येईल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगा नववीत आहे, तो आणि त्याचे सहा मित्र मिळून माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांनी बांधकाम करायचा गेम खेळतात. फुकटच्या सर्व्हरवर दर वेळी रांगेत थांबावं लागतं. घरात ८ जीबी रॅमचा एक जुना लॅपटॉप पडून आहे. त्यावर खाजगी सर्व्हर उभा करता येईल का, आणि ते कायदेशीर आणि सुरक्षित असेल का?

येईल. सात मुलांना तो लॅपटॉप पुरून उरेल. आमच्या घरी २०२० च्या मे महिन्यापासून असाच एक सर्व्हर चालू आहे, आणि मी दिवसभर नोकरीतही लिनक्सच्या सर्व्हरांवरच काम करते, त्यामुळे हे अनुभवाने सांगते आहे.

कायद्याचं आधी मिटवते, कारण ‘प्रायव्हेट सर्व्हर’ हा शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतात. माइनक्राफ्टचा सर्व्हर प्रोग्राम खुद्द गेम बनवणारी मोजांग कंपनीच फुकट देते, तो घरी चालवायला पूर्ण मोकळीक आहे. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या गेमचे सर्व्हर मात्र कंपनी कुणाला देत नाही. लोक त्यांची नक्कल स्वतः लिहून चालवतात. नॉस्टॅलरियस नावाचा असा एक मोठा सर्व्हर ब्लिझर्ड कंपनीच्या कायदेशीर नोटिशीनंतर एप्रिल २०१६ मध्ये बंद करावा लागला होता. तुमचा मामला पहिल्या प्रकारचा आहे, निर्धास्त राहा.

आता मुख्य गोष्ट. सर्व्हर सुरू करणं तासाभराचं काम आहे. मुलं त्यात जे बांधतील ते जपणं हे खरं काम, आणि बहुतेक जण तिथेच कमी पडतात. म्हणून मी उलट्या क्रमाने, बॅकअपपासून सांगते.

माझं माहेर वाईचं. दर मे महिन्यात माझी मुलगी, नाशिकच्या भावाची दोघं आणि डब्लिनच्या भावाचा एक, अशी चौघं आजोळच्या वाड्यात जमायची. २०२० साली कुणीच कुठे जाऊ शकलं नाही. तेव्हा मी हा सर्व्हर लावला आणि चौघांनी आठवणीवरून तो वाडा बांधायला घेतला. ओसरी, माजघर, परसातला आड, वर माळ्याकडे जाणारा अंधारा जिना. जिन्याला पायऱ्या किती यावरून भांडणं झाली, शेवटी आईला फोन करून मोजायला लावल्या. तेरा निघाल्या.

जून महिन्यातल्या एका संध्याकाळी पाऊस आला आणि वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली होती, तो जागच्या जागी बंद पडला. वीज आल्यावर मुलं आत गेली तर ओसरी जशीच्या तशी, आडाचा कठडा जागेवर, आणि माजघराच्या जागी सुरीने कापावी तशी सरळ कड असलेला गवताचा उंचवटा. त्यावर एक मेंढी चरत होती. मुलगी किती रडली ते मला अजून आठवतं.

झालं काय होतं, तर या गेमचं जग १६ बाय १६ ठोकळ्यांच्या चौकोनी तुकड्यांत साठवलेलं असतं, त्या तुकड्याला चंक म्हणतात. असे ३२ बाय ३२ चंक मिळून डिस्कवर एक फाइल होते. सर्व्हर त्या फाइलीत लिहीत असतानाच वीज गेली आणि एक चंक वाचण्यापलीकडे गेला. वाचता न आलेला चंक गेम नव्याने घडवतो, म्हणजे कुणी पहिली कुदळ मारण्याआधी तिथे जी जमीन होती ती परत आणून ठेवतो. माझ्याकडे नऊ दिवसांपूर्वीची प्रत होती. सर्व्हर बंद करून त्या प्रतीतली तेवढी एकच फाइल जागेवर ठेवली आणि माजघर परत आलं. बाकीच्या मुलुखात मुलांनी नऊ दिवसांत केलेलं काम वाचलं. (आवृत्ती १.१७ पासून प्राणी आणि गावकरी वेगळ्या फोल्डरमधल्या त्याच नावाच्या फाइलीत असतात, तीही सोबत बदलावी लागते.)

तेव्हापासून आमच्याकडे रोज पहाटे चारला प्रत निघते. छोटी स्क्रिप्ट आहे: आधी सर्व्हरला डिस्कवर लिहिणं थांबवायची आज्ञा, मग मेमरीतलं सगळं एकदा लिहून घ्यायची आज्ञा, मग जगाच्या फोल्डरचं एक गाठोडं बांधायचं, आणि लिहिणं पुन्हा चालू करायचं. चालू सर्व्हरचं फोल्डर नुसतं कॉपी केलंत तर अर्धवट लिहिलेल्या फाइली येतात, तो बॅकअप ऐन वेळी दगा देतो. गाठोडं त्याच लॅपटॉपवर ठेवू नका, दुसऱ्या संगणकावर किंवा बाहेरच्या डिस्कवर हलवा. आमच्याकडे शेवटचे सात दिवस आणि दर महिन्याची एक, एवढ्या प्रती असतात. महिन्याची प्रत मी एकदा उघडूनही बघते.

लॅपटॉपबद्दल. जुन्या लॅपटॉपचा मोठा फायदा म्हणजे बॅटरी धड असेल तर तीच यूपीएसचं काम करते. मेली असेल तर नवी घाला, तो खर्च वाया जात नाही. जुनी बॅटरी फुगलेली नाही ना, हे मात्र खालून नीट पाहा, कारण हे यंत्र चोवीस तास प्लगला राहणार आहे. फुगलेली दिसली तर तशी वापरूच नका. राउटरलाही एक छोटा १२ व्होल्टचा यूपीएस घ्या, नाहीतर लॅपटॉप चालू आणि इंटरनेट गेलेलं, असं होतं. लॅपटॉप वायफायवर न ठेवता केबलने राउटरला जोडा. झाकण मिटल्यावर झोपायची सेटिंग बंद करा. विंडोजवर सर्व्हर चालतो, पण अपडेटसाठी तो मध्यरात्री आपणहून रीस्टार्ट होतो. मी तुमच्या जागी असते तर विंडोजऐवजी उबुंटू (फुकट मिळणारं लिनक्स) टाकलं असतं आणि ८ पैकी ४ जीबी रॅम सर्व्हरला दिली असती. सगळी रॅम जावाला (सर्व्हर ज्याच्या आधाराने चालतो त्या प्रोग्रामला) देऊन टाकायची चूक करू नका, खालच्या यंत्रणेचाच श्वास कोंडतो.

जावा कोणती टाकायची ते गेमच्या आवृत्तीवर ठरतं: १.१८ ते १.२०.४ ला जावा १७, १.२०.५ पासून जावा २१. त्याहून नवी आवृत्ती घेत असाल तर तिच्यासोबत कोणती जावा सांगितली आहे ते आधी वाचा. जावा हवी त्यापेक्षा जुनी असेल तर सर्व्हर सुरूच होत नाही, आणि नवशिके इथेच सगळ्यात जास्त अडकतात. पहिल्यांदा चालवलात की सर्व्हर लगेच बंद पडेल. घाबरू नका, त्याने परवान्याची एक छोटी फाइल तयार केलेली असते. ती वाचून त्यातलं ‘फॉल्स’ ‘ट्रू’ करायचं आणि पुन्हा चालवायचं.

मोजांगचा मूळ सर्व्हर चालेल, पण जुन्या यंत्रावर मी पेपर नावाचा सर्व्हर सुचवेन. तोही फुकट आहे आणि प्रोसेसरवर कमी ताण टाकतो. मात्र गेममधल्या काही पळवाटा तो बंद करतो, उदाहरणार्थ टीएनटी या स्फोटक ठोकळ्याच्या नकला काढायचं यंत्र चालत नाही. मुलांना हे आधीच सांगा, नाहीतर सर्व्हर बिघडला म्हणून तुमच्याकडे येतील.

हा गेम सेकंदाला २० ठोके घेतो, म्हणजे एका ठोक्याचं सगळं काम ५० मिलिसेकंदांत उरकलं पाहिजे. ते मुख्यतः प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं, त्यामुळे चार संथ कोअरपेक्षा एक चपळ कोअर उपयोगी. काम उरकलं नाही की मुलं ‘लॅग होतंय’ म्हणून ओरडतात. सर्वात जड काम असतं नवी जमीन घडवण्याचं, चार जण चार दिशांना धावत सुटले की लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे जगाला सीमा घाला. आम्ही ६००० बाय ६००० ठोकळ्यांची घातली आणि चंकी नावाच्या प्लगइनने (पेपरला जोडायच्या छोट्या जादा प्रोग्रामला प्लगइन म्हणतात) आतली सगळी जमीन एका रात्रीत आधीच घडवून ठेवली. सेटिंगच्या फाइलीत दिसण्याचं अंतर मुळात १० चंक असतं, ते ७ करा, आणि सिम्युलेशनचं, म्हणजे किती अंतरापर्यंत प्राणी वगैरे हलते राहतात ते, ५. मुलांना फरक जाणवत नाही, लॅपटॉपला जाणवतो.

त्याच फाइलीत दोन ओळी जपायच्या. व्हाइट-लिस्ट ‘ट्रू’ करा, म्हणजे यादीत नाव असेल तोच आत. आणि ऑनलाइन-मोड ‘ट्रू’च राहू द्या. सहा मित्रांपैकी एखाद्याकडे गेम विकत घेतलेला नसेल आणि मुलगा तुम्हाला ही ओळ ‘फॉल्स’ करायला सांगेल. करू नका. ही ओळ बंद झाली की सर्व्हर खात्याची खातरजमा करत नाही. कुणीही कोणतंही नाव लावून येतो, अगदी तुमच्या मुलाचं नाव लावूनही, आणि मग व्हाइट-लिस्टही निरुपयोगी. ज्या मित्राकडे फोनवरचा माइनक्राफ्ट आहे, त्याच्यासाठी दुसरा चांगला रस्ता आहे. गीझर आणि फ्लडगेट ही दोन प्लगइनं टाकलीत की फोनवाली मुलंही याच जगात येतात, त्यांना संगणकावरचं वेगळं खातं लागत नाही. फोनचा गेम बऱ्याच स्वस्तात मिळतो. आमच्या नाशिकच्या धाकट्याने पहिली दोन वर्षं आईच्या फोनवरूनच भिंती रचल्या.

आता बाहेरच्या मुलांनी आत कसं यायचं. इथे बरेच जण हात टेकतात. रुळलेली पद्धत म्हणजे राउटरमध्ये २५५६५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडून तो लॅपटॉपकडे वळवायचा. पण आपल्याकडच्या कित्येक फायबर जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतोच. एकाच पत्त्यामागे इंटरनेट कंपनी अनेक घरं बसवते, याला सीजीनॅट म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅनचा, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटकडचा, पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या साइटवरच्या पत्त्याशी जुळत नसेल, तर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी येऊ शकणार नाही. मला हे कळायला दोन रात्री लागल्या होत्या. इंटरनेट कंपनीचा फोनवरचा माणूस राउटर बंद-चालू करा एवढंच सांगत राहिला. मग स्टॅटिक आयपी, म्हणजे स्वतःचा न बदलणारा सार्वजनिक पत्ता, मागितला, महिन्याला थोडे जास्त पैसे भरले, आणि दीड वर्ष तसं चालवलं.

डिसेंबर २०२१ मध्ये मात्र मी तो पोर्ट कायमचा बंद केला. त्या महिन्यात लॉग४जे या जावाच्या लायब्ररीतलं भगदाड उघडकीला आलं. माइनक्राफ्टच्या चॅटमध्ये एक विशिष्ट ओळ टाइप केली की सर्व्हर चालवणाऱ्या यंत्रावर परक्याचा प्रोग्राम चालू शकत होता. मोजांगने तातडीने १.१८.१ काढून ते बुजवलं, मीही त्याच रात्री अपडेट केलं. आमच्या यंत्राला काही झालं नाही. पण नंतर सर्व्हरचे लॉग, म्हणजे त्याने ठेवलेल्या नोंदी, चाळले तेव्हा दिसलं की अनोळखी पत्त्यांवरून दिवसभर कुणी ना कुणी दार ठोठावत असतं. व्हाइट-लिस्टमुळे ते आत आले नव्हते, तरी माझी झोप उडाली.

त्यानंतर आम्ही टेलस्केल वापरतो आणि तुम्हालाही तेच सांगेन. प्रत्येकाच्या यंत्रावर हे छोटं अ‍ॅप टाकायचं, मग ती सगळी यंत्रं आपापसांत जणू एकाच घरच्या नेटवर्कवर असल्यासारखी बोलतात. पोर्ट उघडावा लागत नाही, सीजीनॅट आड येत नाही, स्टॅटिक आयपीचे पैसे वाचतात, घरगुती वापराला ते फुकट आहे. सहा घरांत ते टाकून द्यावं लागेल, म्हणजे सहा आईबाबांना फोन. ते फोन तुम्ही स्वतः करा. मुलं कुणाच्या यंत्रावर, कुणाबरोबर, किती वाजेपर्यंत खेळतात हे त्या निमित्ताने सगळ्यांना कळतं. आणि टेलस्केलमध्ये मित्रांना फक्त तो एक लॅपटॉप शेअर करा, घरातली सगळी यंत्रं नकोत.

हे सगळं नकोच असेल तर मोजांगची पैसे भरून मिळणारी रेल्म्स सेवा आहे, त्यात प्लगइनं चालत नाहीत पण बाकी डोक्याला ताप नाही.

सर्व्हर डोळ्यांआड चालणार आहे, म्हणून त्याच्यासाठी लॅपटॉपवर वेगळा साधा वापरकर्ता बनवा, अ‍ॅडमिनच्या खात्यावर चालवू नका. आणि गेममधला ऑपरेटरचा, म्हणजे सर्व्हरला आज्ञा द्यायचा, अधिकार कुठल्याच मुलाला देऊ नका, तुमच्या मुलाला तर नाहीच. लॅपटॉप त्याच्या घरचा म्हणून अधिकार त्याचा, असं झालं की महिनाभरात मित्र गळायला लागतात. अधिकार तुमच्याकडे ठेवा आणि कोअरप्रोटेक्ट हे प्लगइन टाका. कुणी कुठला ठोकळा कधी फोडला याची नोंद ते ठेवतं, आणि तेवढीच मोडतोड उलटी फिरवताही येते. ‘त्याने माझं घर जाळलं’ ही तक्रार तुमच्याकडे येईलच, तेव्हा नोंद उघडून दोघांसमोर वाचा.

चालू झाल्यावर पहिली चाचणी घरच्या वायफायवरून करू नका, तिथून सगळं ठीकच दिसतं. मुलाचा संगणक तुमच्या फोनच्या हॉटस्पॉटला जोडा आणि तिथून टेलस्केलने दिलेल्या पत्त्यावर जाऊन बघा. तो आत पोचला की मित्रांना बोलवा. अंतराची काळजी नको: आमचा डब्लिनचा भाचा दीडशेच्या आसपास मिलिसेकंदांच्या पिंगवर (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) खेळतो. लढाईत त्याला थोडं जड जातं, बांधकामात काही फरक पडत नाही. उन्हाळ्यात तो आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतो, म्हणून आमच्याकडे सगळे शनिवारी रात्री आठला जमतात. वाड्याला आता परसदारी गोठाही झाला आहे.