डायबेटिसमुळे तोंड सतत कोरडं पडतं, काय करावं?

आठ महिन्यांपूर्वी तुम्हाला डायबेटिस निघाला आणि तेव्हापासून कितीही पाणी प्यायलं तरी तोंड कोरडंच राहतं, रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते, असं तुम्ही लिहिलंय. मला टाइप २ होऊन चौदा वर्षं झाली. रात्री तीनला उठून, ओठ दातांवरून सोडवून मग पाण्याची बाटली तोंडाला लावायची, हे मी बरेच महिने केलंय. त्यामुळे तुमचा त्रास अगदी समजतो.

आधी कारण शोधा. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की ती लघवीतून जाऊ लागते आणि जाताना अंगातलं पाणीही ओढून नेते. तुमचं तसं होत असेल तर साखर खाली आणणं हाच खरा उपाय, बाकी सगळं वरवरचं. तहान लागली म्हणून सरबत किंवा कोल्ड्रिंक मात्र घेऊ नका, त्याने साखर आणखी चढते. आणि कोरडेपणासोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास, श्वासाला फळांसारखा वास किंवा गुंगी असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा.

आठवडाभर एक करा. तोंड सगळ्यात जास्त कोरडं वाटेल तेव्हा ग्लुकोमीटरवर साखर तपासा आणि वेळेसकट लिहून ठेवा. मी हे केलं तेव्हा रात्रीचे आकडे १२०-१३० निघाले. म्हणजे माझ्या बाबतीत दोष साखरेचा नव्हता. तळपायांची आग होते म्हणून मला अ‍ॅमिट्रिप्टिलिन चालू होतं, ते लाळ आटवत होतं. डॉक्टरांनी डोस बदलला आणि दोन आठवड्यांत निम्मा त्रास गेला. अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, बीपीसाठी दिलेल्या लघवीच्या गोळ्या यांनीही असं होतं. पण कुठलीही गोळी मनाने बंद करू नका.

उरलेला निम्मा त्रास अजून आहे. जुन्या डायबेटिसमध्ये लाळग्रंथींच्या नसाही मंदावतात. रात्री झोपताना कृत्रिम लाळेचं जेल वाटाण्याएवढं घेऊन जिभेवर आणि गालांच्या आतून फिरवतो, त्याने तीनची जाग बंद झाली. दिवसा झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम, कारण चघळण्यानेच लाळ सुटते. मात्र ते जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. पाणी घोटघोट प्या. अल्कोहोल असलेला माउथवॉश टाळा. नाक चोंदून तोंडाने श्वास घेत झोपत असाल तर आधी नाकाचं बघा.

आंबट गोळी चघळा असं बरेच जण सांगतील. तात्पुरती लाळ सुटते, पण ते आम्ल धुऊन न्यायला पुरेशी लाळ नसेल तर दातांचं वरचं आवरण झिजतं. खोकल्याच्या गोळ्यांत तर बहुतेकदा साखरच असते.

दातांबद्दल कळकळीने सांगतो, कारण मी तिथे चुकलो. निरोगी माणसाला दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते आणि ती दात सतत धूत असते. ती कमी झाली आणि दीड वर्षात माझे तीन दात हिरडीलगत किडले. फ्लोराइडची पेस्ट दोनदा वापरा, घासून झाल्यावर फक्त थुंका, लगेच खळखळून चूळ भरू नका. डेंटिस्टला डायबेटिस आणि कोरडेपणा दोन्ही सांगा, गरज वाटली तर ते जास्त फ्लोराइडची पेस्ट लिहून देतात. जिभेवर पांढरा थर येऊन तो पुसल्यावर खाली लाल आणि झोंबणारं दिसलं तर बुरशी असू शकते, तिला औषध लागतं. हिरड्या सुजलेल्या असतील तर त्याकडेही बघा, त्या दुखण्याने साखरही आवरत नाही.

एवढं करूनही भागलं नाही तर पायलोकार्पिन नावाची लाळ वाढवणारी गोळी असते, पण ती डॉक्टरांनीच द्यायची. दमा किंवा काचबिंदू असेल तर त्यांना आधी सांगा. पुढच्या भेटीला ती आठवड्याची नोंद आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अगदी सर्दीच्या गोळीचंसुद्धा, सोबत न्या. माझं कारण पाकिटं टेबलावर मांडल्यावरच सापडलं होतं.