ई. सी. ड्रूरी यांची सत्ता का आली आणि का गेली

निवडणूक न लढवलेला एक शेतकरी १९१९ मध्ये कॅनडातील ओंटारिओ प्रांताचा प्रीमियर, म्हणजे तिथला मुख्यमंत्री, कसा झाला आणि चारच वर्षांत त्याची सत्ता गेली ती अननुभवामुळे का, असे आपण विचारले आहे.

नांगर सोडून थेट खुर्चीवर बसलेला भाबडा माणूस, हे चित्र अर्नेस्ट चार्ल्स ड्रूरी यांना लागू पडत नाही. ते सिम्को काउंटीतील क्राउन हिलचे शेतकरी खरेच होते. पण त्यांचे वडील प्रांताचे पहिले कृषिमंत्री होते आणि ते स्वतः गेल्फच्या कृषी महाविद्यालयातून १९०० साली पदवीधर झाले होते. कारखानदारांना संरक्षण देणाऱ्या आयातशुल्कामुळे शेतीची अवजारे महाग पडतात, हा मुद्दा ते महायुद्धाच्या आधीपासून मांडत होते. १९१४ मध्ये ‘युनायटेड फार्मर्स ऑफ ओंटारिओ’ ही संघटना स्थापन झाली, तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष तेच होते.

संघटनेला खरे बळ मिळाले ते सक्तीच्या सैन्यभरतीमुळे. १९१७ च्या निवडणुकीत केंद्र सरकारने शेतकऱ्यांच्या मुलांना भरतीतून सूट देण्याचे आश्वासन दिले आणि १९१८ च्या एप्रिलमध्ये, ऐन पेरणीच्या तोंडावर, ती सूट काढून घेतली. मे महिन्यात हजारो शेतकरी ओटावाला जाऊन धडकले आणि रिकाम्या हाताने परतले. हा राग केंद्रावरचा होता, पण त्याला वाट मिळाली प्रांतिक निवडणुकीत. ऑक्टोबर १९१९ मध्ये १११ जागांच्या विधानसभेत संघटनेचा गट सर्वांत मोठा ठरला आणि मावळते प्रीमियर हर्स्ट स्वतःच्या मतदारसंघातही पडले. मात्र बहुमत नव्हते, म्हणून मजूर पक्षाच्या ११ सदस्यांना सोबत घ्यावे लागले. नेताही ठरलेला नव्हता. संघटनेचे सचिव जे. जे. मॉरिसन यांनी पद नाकारले आणि निवड ड्रूरींवर येऊन थांबली. १९२० च्या सुरुवातीला हॉल्टनमधील पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले. (आपल्याकडे यासाठी घटनेत सहा महिन्यांची मुदत आहे, तिकडे हे संकेतावर चालते.)

कारभाराचे म्हणाल, तर अननुभवाचा आरोप मला फारसा पटत नाही. निराधार मातांसाठी भत्ता, स्त्री कामगारांसाठी किमान वेतन, सरकारी बचत कार्यालये, ओसाड वाळूरानावर वनीकरण, ही कामे नवख्या सरकारची वाटत नाहीत. प्रश्न निराळाच होता. ही शेतकऱ्यांची संघटना आहे की सर्वांचा पक्ष, याचा निकाल कधी लागलाच नाही. ड्रूरींना शहरी मध्यमवर्ग आणि कामगार यांच्यासाठी दार उघडायचे होते, तर आमदारांनी केवळ आपल्या व्यवसायगटाचे प्रतिनिधी राहावे, असे मॉरिसन यांचे मत होते. त्यामुळे प्रीमियरवर उघड टीका करणाऱ्यांत त्यांच्याच संघटनेचा सचिव पुढे होता. महामार्गांवरचा खर्च अनेक शेतकऱ्यांना मोटारवाल्यांचे लाड वाटला, कारण त्यांना गावचे रस्ते हवे होते. दुसरीकडे महाधिवक्ता रेनी यांनी दारूबंदी इतक्या कडकपणे राबवली की शहरांतला उरलासुरला पाठिंबाही आटला.

जून १९२३ मध्ये हॉवर्ड फर्ग्युसन यांच्या काँझर्व्हेटिव्ह पक्षाने मोठे बहुमत मिळवले, संघटना १७ जागांवर आली आणि ड्रूरी हॉल्टनमध्ये पराभूत झाले. त्यांचे अर्थमंत्री पीटर स्मिथ यांना रोखे प्रकरणात शिक्षा झाली ती १९२४ मध्ये, म्हणजे पराभवानंतर; तिला पराभवाचे कारण म्हणणे हा कालक्रमाचा घोटाळा आहे.

पुढे ड्रूरींनी संसदेत जाण्याचे प्रयत्न केले, ते फसले. १९३४ मध्ये लिबरल सरकारने त्यांना सिम्को काउंटीचे शेरीफ नेमले आणि ते काम त्यांनी १९५९ पर्यंत केले. त्यांच्या मंत्रिमंडळातील हॅरी निक्सन, तेही शेतकरीच, उरलेला गट घेऊन लिबरल पक्षाजवळ गेले आणि १९४३ मध्ये काही महिने ओंटारिओचे प्रीमियर झाले, पण त्या वेळी लिबरल म्हणून.