‘मूकबधिरांसाठी खुणांद्वारे भाषांतर’ ही शब्दयोजना योग्य आहे का?

फोंड्यातील एका व्याख्यानमालेच्या पत्रिकेत ‘मूकबधिरांसाठी खुणांद्वारे भाषांतराची सोय’ असे छापावे का, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. यातला ‘सोय’ एवढाच शब्द मी ठेवीन, आणि तोही किंचित उपकाराकडे झुकतो हे मनात बाळगून.

‘मूकबधिर’मधले पहिले पद वस्तुस्थितीला धरून नाही. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाचे स्वरयंत्र सहसा निर्दोष असते. उच्चार कानावर न पडल्यामुळे ते ऐकून शिकता येत नाहीत, इतकेच. उतारवयात श्रवणशक्ती गमावलेली माणसे तर बोलत असतातच. नुसता ‘बधिर’ म्हटला तर भूल दिलेल्या हिरडीची आठवण व्हावी, म्हणून ‘कर्णबधिर’ बरा.

‘खुणा’ या शब्दाला माझी हरकत अधिक आहे. भारतीय सांकेतिक भाषा ही मराठी, कोंकणी किंवा इंग्रजी हातांनी वठवण्याची युक्ती नव्हे. तिचे व्याकरण स्वतंत्र आहे, त्यात प्रश्नवाचक शब्द सामान्यतः वाक्याच्या शेवटी येतो आणि भुवयांची हालचालही अर्थ ठरवते. (स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना ‘सांकेतिक भाषा’ म्हटले की अक्षरांची कोडी आठवतील, मला स्वतःला ‘चिन्हभाषा’ अधिक नेमका वाटतो, पण रूढ शब्दाशी भांडण्यात अर्थ नाही.) एखाद्या वाणीला ‘भाषा’ म्हणायचे की ‘बोली’, यावर काय काय अवलंबून असते हे गोव्यात वेगळे सांगायला नको: कोंकणीला साहित्य अकादमीची मान्यता 1975 मध्ये मिळाली, राजभाषा कायदा 1987 मध्ये झाला आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिचा समावेश 1992 मध्ये झाला. त्या अनुसूचीतील 22 भाषांत सांकेतिक भाषा आजही नाही. मात्र 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘संप्रेषणा’च्या व्याख्येत तिला घेतले आहे, आणि पुरावा कायद्यानुसार बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराने न्यायालयात खुणांनी दिलेली साक्ष ‘तोंडी पुरावा’च मानली जाते.

‘भाषांतर’ऐवजी ‘दुभाषी’ लिहावे, आणि ‘कर्णबधिरांसाठी’ हे शब्द गाळावेत. व्याख्यानानंतर कर्णबधिर श्रोत्याने प्रश्न विचारला, तर दुभाष्याची गरज त्याच्याइतकीच व्याख्यात्याला आणि उरलेल्या सभागृहाला असते.

तेव्हा ‘भारतीय सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची सोय आहे’ असे छापावे. ज्यांना थोडे ऐकू येते अशा अनेकांना ही भाषा येत नाही. त्यांच्यासाठी पडद्यावर शब्दांकन, म्हणजे बोललेले शब्द लिहून, दाखवणार असाल तर तेही स्वतंत्रपणे नमूद करावे. पत्रिकेच्या मसुद्यात चौकशीसाठी फक्त दूरध्वनी क्रमांक दिसतो. त्याच्यापुढे ‘संदेश पाठवावा’ हे दोन शब्द जोडले नाहीत, तर ज्यांच्यासाठी हा खटाटोप आहे त्यांनी चौकशी करायची कशी?