जीमॅटमधली ४५ मिनिटे कशी वापरावीत?

प्रश्न : मी डोंबिवलीला राहते आणि ऐरोलीतील एका आयटी कंपनीत नोकरी करते. परदेशातील एमबीएसाठी जीमॅट देणार आहे. गणित मला येते, परंतु प्रत्येक सराव चाचणीत क्वान्टचे (म्हणजे गणिताच्या विभागाचे) शेवटचे चार-पाच प्रश्न राहून जातात. क्लासचे सर म्हणतात की पहिले दहा प्रश्न अचूक आले की गुण ठरून जातात. एमएससाठी जीआरई दिलेला मावसभाऊ सांगतो की अडलेला प्रश्न सोडून पुढे जावे आणि शेवटी परत यावे. सीईटी दिलेल्या मैत्रिणी म्हणतात, फक्त वेग वाढव. मी नेमके कोणाचे ऐकावे?

उत्तर : तुमच्या मावसभावाचा आणि मैत्रिणींचा सल्ला आपापल्या परीक्षेपुरता अगदी योग्य आहे, अडचण इतकीच, की ती परीक्षा तुमची नाही. आपल्या राज्याच्या एमबीए सीईटीत १५० मिनिटांत २०० प्रश्न असतात आणि चुकीच्या उत्तराचे गुण कापले जात नाहीत, त्यामुळे तिथे सोपे प्रश्न आधी उरकून घेणाऱ्याचा फायदा होतो. जीआरई अ‍ॅडॅप्टिव्ह (म्हणजे उत्तरांनुसार पुढचे प्रश्न सोपे-अवघड करणारी) आहे, पण विभागानुसार : क्वान्टच्या पहिल्या विभागात २१ मिनिटांत १२ प्रश्न येतात, त्यातील कामगिरीवरून १५ प्रश्नांच्या दुसऱ्या विभागाची काठिण्यपातळी ठरते, आणि एका विभागाच्या आत हवे तसे मागेपुढे जाता येते. जीमॅटमध्ये मात्र प्रत्येक उत्तरानंतर संगणक तुमच्या पातळीचा अंदाज सुधारतो आणि त्यानुसार पुढचा प्रश्न निवडतो. साहजिकच हातातील प्रश्नाचे उत्तर नोंदवल्याशिवाय पुढचा प्रश्न दिसतच नाही.

या रचनेचा एक परिणाम विद्यार्थ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. तुम्ही जितके चांगले सोडवाल तितके प्रश्न अवघड होत जातात, त्यामुळे चांगली तयारी झालेल्यांनाही बराच वेळ आपण कमी पडतो आहोत असेच वाटत राहते. शाळा-कॉलेजात सगळे सोडवून आल्यावरच पेपर चांगला गेला म्हणायची आपल्याला सवय असते, आणि त्या सवयीपोटी एकेका प्रश्नावर पाच-पाच मिनिटे जातात. इथे काही प्रश्न चुकणे गृहीतच धरलेले आहे. एखादा प्रश्न चुकला तर पुढच्या उत्तरांनी तो अंदाज पुन्हा वर जाऊ शकतो. शेवटचे प्रश्न अनुत्तरित राहिले, तर त्याचा दंड मात्र भरून काढायला जागा उरत नाही. म्हणूनच पहिल्या दहा प्रश्नांविषयीचे तुमच्या सरांचे मत मला मान्य नाही. सुरुवातीला जास्तीची मिनिटे खर्च करून चढवलेली पातळी शेवटच्या रिकाम्या जागा खाली आणतात, आणि तुमच्या बाबतीत नेमके तेच होत असावे.

क्वान्टमध्ये ४५ मिनिटांत २१ प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला सव्वादोन मिनिटांहूनही थोडा कमी वेळ मिळतो. तरीही प्रत्येक प्रश्नामागे घड्याळ पाहू नये, त्याने लक्ष विचलित होते. सातवा प्रश्न संपेल तेव्हा साधारण ३१ मिनिटे आणि चौदावा संपेल तेव्हा १७ मिनिटे शिल्लक असावीत, एवढे दोनच टप्पे पाठ ठेवा. असे केल्यास शेवटी दोन-तीन मिनिटे हाताशी राहतात. त्यांचा उपयोग असा, की सर्व प्रश्नांची उत्तरे नोंदवून झाल्यावर वेळ उरला असेल तरच उजळणीचा पडदा उघडतो आणि त्या विभागातील जास्तीत जास्त तीन उत्तरे बदलता येतात. २०२३च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपातील ही सोय चांगली आहे, पण तिच्या भरवशावर वीस प्रश्नांना खूण करून ठेवणे म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

मग प्रश्न सोडायचा केव्हा? एक उदाहरण घ्या : १ ते २०० मधील किती संख्या ३ किंवा ५ यांपैकी नेमक्या एकाच संख्येने भागल्या जातात? पर्याय ५३, ६७, ८०, ९३ आणि १०६. पहिल्या मिनिटात ३ ने जाणाऱ्या ६६, ५ ने जाणाऱ्या ४० आणि १५ ने जाणाऱ्या १३ संख्या दिसल्या, तर ६६ मधून १३ आणि ४० मधून १३ वजा करून ८० हे उत्तर लगेच मिळते. समजा, तो मार्ग सुचला नाही. तरीही १०६ ही नुसती बेरीज आहे आणि ५३ मध्ये ५ चे पाढे आलेलेच नाहीत, एवढे कळते. दोन पर्याय बाद झाले. अशा वेळी उरलेल्यांतून एक निवडावा, खूण करावी आणि अडीच मिनिटांच्या आत पुढे जावे. संख्या एकेक लिहून काढायला बसलात, तर कदाचित उत्तर बरोबर येईल, पण पुढच्या दोन प्रश्नांचा वेळ त्यात गेलेला असेल.

व्हर्बलमध्ये, म्हणजे इंग्रजी वाचनाच्या विभागात, ४५ मिनिटांतच २३ प्रश्न असल्याने हात थोडा अधिक चालवावा लागतो. तिथे उताऱ्याचे पहिले वाचन घाईत केल्यास प्रत्येक प्रश्नासाठी तो पुन्हा वाचावा लागतो, हे लक्षात ठेवा. डेटा इनसाइट्स या माहिती-विश्लेषणाच्या विभागात २० प्रश्न आहेत आणि कॅल्क्युलेटर केवळ याच विभागात मिळतो. तक्ते आणि अनेक स्रोतांवरील प्रश्न इथे वेळ खातात, म्हणून त्यांना तीन मिनिटे आणि इतरांना दोनहून कमी, असा असमान हिशेब ठेवावा.

सरावाविषयी थोडेसे. सकाळच्या लोकलमध्ये उभ्याने गणिते सोडवू नका; तो वेळ आदल्या चाचणीतील चुका वाचण्यासाठी ठेवा, आणि प्रत्येक चुकीपुढे ती न कळल्याने झाली की हट्टाने वेळ घालवल्याने, हे नोंदवा. पूर्ण सराव चाचणी रविवारी सव्वादोन तास सलग, संगणकावरच द्यावी. त्यासाठी दोन अधिकृत चाचण्या मोफत मिळतात, त्या अगदी सुरुवातीला खर्ची घालू नयेत. लागोपाठच्या दोन चाचण्यांत तिन्ही विभागांतील एकही प्रश्न रिकामा राहिला नाही, की मग परीक्षेची तारीख घ्या. गुण अपेक्षेपेक्षा कमी आले, तर १६ दिवसांनंतर पुन्हा बसता येते, तेव्हा विद्यापीठांच्या अर्जांच्या मुदतीआधी तेवढी सवड राहील अशीच तारीख निवडा.