राजा हेन्री काळा नट करतो, हे चालतं का?

प्रश्न: नमस्कार ताई, माझा मुलगा मँचेस्टरला असतो, परवा व्हिडिओ कॉलवर आमचं चांगलंच वाजलं. तिकडे म्हणे शेक्सपिअरच्या नाटकात इंग्लंडचा राजा काळा नट करतो आणि कुणाला काही वाटत नाही. मी म्हटलं ही तर इतिहासाची वाट लावणं झालं. आणि हे चालत असेल तर गोऱ्याने काळा रंग फासून ऑथेल्लो, म्हणजे शेक्सपिअरच्याच नाटकातला काळा सेनापती, केला की एवढा आरडाओरडा का? नियम सगळ्यांना सारखा नको का? – एक वाचक, ठाणे

उत्तर: काका, इतिहासाचं आधी बघू. शेक्सपिअरच्या काळात ज्युलिएट, क्लिओपात्रा पोरगेच करायचे, आणि आपल्याकडे १९११ ला 'मानापमान'मधली भामिनी बालगंधर्वांनी केली तेव्हा कुणी म्हटलं नाही की हा तर पुरुष आहे. हेन्रीचे संवाद तरी खऱ्या हेन्रीचे कुठे आहेत, ते शेक्सपिअरने लिहिलेत.

आता सारख्या नियमाचं. तो कधी असता तर मी तुमच्या बाजूने भांडले असते. इरा ऑल्ड्रिज हा १८०७ ला न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला काळा नट, तिथे वाव नाही म्हणून कोवळ्या वयात इंग्लंडला गेला. मार्च १८३३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला एडमंड कीन हा गोरा नट ऑथेल्लो करता करता स्टेजवरच कोसळला, एप्रिलमध्ये ते काम ऑल्ड्रिजने केलं, आणि पेपरवाल्यांनी रंगावरून त्याला इतकं झोडपलं की दोन प्रयोगांत सगळं आटोपलं. पुढे त्याने युरोप गाजवला, लिअर, शायलॉक ही शेक्सपिअरची गोरी पात्रं सगळी केली, पण चेहऱ्याला गोरा रंग लावून!

बरं, काळा ऑथेल्लो चालत नाही म्हणावं तर १९४३ ला पॉल रोबसन या काळ्या नटाने न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर २९६ प्रयोग केले. तरी १९६४ ला लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये लॉरेन्स ऑलिव्हिए हा गोरा नट अंगभर काळा रंग चोपडून, त्याला चमक यावी म्हणून वर कापडाने घासून ऑथेल्लो म्हणून उभा राहिला आणि लोकांनी डोक्यावर घेतलं. म्हणजे काळ्या नटाच्या वाट्याला मोठं असं एकच काम, तेही गोरा घेऊन जाणार, आणि बाकीची कामं तर त्याला विचारायचीच नाहीत. आरडाओरडा होतो तो यामुळे.

आणि ही नुसती हौसेची गोष्ट नाहीये. हॅम्लेट, हेन्री असं काही केलं की पुढचे दिग्दर्शक तुमच्यावर अख्खं नाटक टाकायला तयार होतात, ते नाही मिळालं की जन्मभर भालदार-चोपदार. रॉयल शेक्सपिअर कंपनी १९६१ ची, तिथे डेव्हिड ओयेलोवो या काळ्या नटाला हेन्री सहावा मिळाला तो २००० साली, आणि काळा हॅम्लेट यायला, पापा एसिएडू, २०१६ उजाडलं.

सगळे काळे कलावंत याच मताचे आहेत असं मात्र समजू नका. ऑगस्ट विल्सन हा अमेरिकेतला फार मोठा काळा नाटककार, त्याने १९९६ च्या भाषणात हे ठाम नाकारलं, गोऱ्यांच्या नाटकात आम्हाला घुसवू नका, आमची नाटकं करायला आमची थिएटरं उभी करायला पैसे द्या असं त्याचं म्हणणं. पैशाचं त्याचं शंभर टक्के बरोबर आहे. पण 'डेथ ऑफ अ सेल्समन' हे आर्थर मिलरचं गोऱ्या कुटुंबावरचं नाटक काळ्या नटांनी करू नये असंही तो म्हणाला, ते मला पटत नाही. २०१९ ला लंडनच्या यंग व्हिकमध्ये वेंडेल पिअर्सने त्यातला विली, म्हणजे तो फिरता विक्रेता, केला, घरचे सगळे काळे आणि मालक गोरा. म्हातारा विली त्या तरुण मालकापुढे आठवड्याला ६५ डॉलर द्या म्हणतो, मग ५०, मग ४०. संवाद मिलरने १९४९ साली लिहिले तेच, पण आता समोर गोरा मालक आणि त्याच्यापुढे आकडा कमी कमी करत जाणारा काळा माणूस, आणि त्या नाटकात आधी कधी न दिसलेलं काहीतरी दिसायला लागतं.

मुलाला सांगा, तिकडे असं काही लागलं तर तुम्ही गेल्यावर तिकीट काढून ठेव, दोघं मिळून बघा आणि मग हवं तेवढं भांडा.