आई केअर सेंटरमध्ये आहे. तीन महिन्यांत वजन ४८ वरून ४४ किलोवर उतरलंय, हवेची गादी देऊनही माकडहाडावर लाल डाग आलाय. काय करू?

पुण्याजवळच्या एका वृद्धाश्रमात मी नऊ वर्षं सिस्टर होते, त्या अनुभवावरून सांगते. तीन महिन्यांत ४८ वरून ४४ किलो, म्हणजे आठ टक्क्यांहून जास्त घट. हे ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. आणि डागाचं मूळही बऱ्याच अंशी तिथेच आहे, कारण हाड आणि गादी यांच्यामध्ये जे मांस असायचं तेच झिजलंय.

आधी डाग बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर दाब काढल्यावर बहुधा उतरेल. पांढरा पडलाच नाही तर शय्याव्रणाची (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, बेडसोरची) सुरुवात झाली समजा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, तिथे काळपट-जांभळट छटा किंवा हाताला गरम, कडक लागणारी जागा शोधायची. त्यावर तेल चोळू देऊ नका. मावश्या मायेने चोळतात (सुरुवातीला मीही चोळायचे), पण आतलं नाजूक मांस त्याने आणखी दुखावतं. अंगाखाली भोकाची रबरी रिंगही नको.

हवेची गादी असली तरी कूस बदलावीच लागते. किती वेळाने ते गादी आणि कातडी बघून ठरतं, पण दर दोन तासांनी धरून चला. पूर्ण कुशीवर नको, खुब्याचं हाड टोचतं; पाठीमागे उशी लावून ३० अंश कलतं ठेवायचं. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. ओला डायपर लगेच बदलायचा.

आता जेवण. आपल्याकडे म्हाताऱ्यांना ‘पचायला हलकं’ म्हणून पेज, वरणाचं पाणी, साबुदाण्याची खीर देतात. पोट भरतं, पण प्रथिनं जवळपास नाहीतच. ४४ किलोच्या बाईला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रथिनं हवीत (मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच). एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर दुधात तेवढीच किंवा थोडी जास्त. म्हणून घट्ट वरण, त्यावर तूप, दह्यात कुस्करलेला भात, पनीर, दुधातली नाचणी, खात असतील तर अंडं. थोडं थोडं, पाच-सहा वेळा. आमच्याकडे रात्रीचं जेवण साडेसहाला उरकायचं आणि सकाळी आठला चहा-बिस्किट. मध्ये साडेतेरा तास काही नाही! झोपताना कपभर दूध सुरू करायला आम्हाला दोन वर्षं लागली. एकादशी, चतुर्थी आणि गुरुवार धरणाऱ्या आज्यांशी वाद घालणं हे वेगळंच प्रकरण.

कवळी सैल झालीय का, तोंड आलंय का, घास गिळताना ठसका लागतो का, नवीन गोळी सुरू झाल्यापासून भूक गेलीय का, हेही बघा. ठसका लागत असेल तर बळेच भरवू नका, डॉक्टरांना दाखवा. जेवताना सरळ बसवायचं आणि नंतर अर्धा तास तसंच ठेवायचं. पण दिवसभर डोकं उंच ठेवलं तर अंग खाली घसरतं, कातडी चादरीला धरून राहते आणि आतून फाटते.

भेटीची वेळ चारची असली तरी परवानगी काढून एकदा जेवणाच्या वेळी जा आणि ताट परत जाताना त्यात काय उरलंय ते बघा. दर आठवड्याच्या वजनाची नोंद मागा. डागाची कातडी उघडली, वास आला, काळं पडलं किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर.