उपग्रह बर्फ मोजतात, मग दर उन्हाळ्यात माणसं अंटार्क्टिकाला कशाला?

प्रश्न असा आहे: "आता सगळं उपग्रहावरून मोजता येतं. तरी भारत दर उन्हाळ्यात शास्त्रज्ञ अंटार्क्टिकाला का पाठवतो? ते तिथे नेमकं करतात काय? आणि रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेल्याला जाता येतं का?"

उपग्रह बर्फ मोजत नाहीत, बर्फाची उंची मोजतात. हा फरक ज्यांना कळत नाही अशी माणसं निधी ठरवणाऱ्या बैठकांतही बसलेली असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

2018 मध्ये सोडलेला आइससॅट-2 सेकंदाला सुमारे 10,000 वेळा लेझर मारतो आणि पृष्ठभाग किती वरखाली झाला ते सेंटिमीटरच्या हिशोबात सांगतो. कमाल यंत्र आहे, वादच नाही. पण पृष्ठभाग 10 सें.मी. वर आला म्हणजे नक्की काय आलं? ताजा भुसभुशीत बर्फ घनमीटरला 100 किलोही भरत नाही. वाऱ्याने ठोकून बसवलेला 350 ते 400 भरतो, आणि घट्ट हिमनदीचा बर्फ 917. म्हणजे त्याच 10 सें.मी.चं पाणी 1 सें.मी.ही असू शकतं आणि 9 सें.मी.ही. क्रायोसॅट-2 सारख्या रडारवाल्यांची अडचण आणखी वेगळी, कारण त्यांच्या लहरी वरच्या भुसभुशीत थरात थोड्या आत शिरून परततात. घनता कळायला शेवटी कुणीतरी फावडं घेऊन उतरावं लागतं.

भारताचं मैत्री स्थानक अंटार्क्टिकातल्या शिर्माकर टेकड्यांमध्ये आहे आणि त्याच्या दक्षिणेला खंडावरची हिमचादर चढत जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात, काम करता येतं. पिस्टनबुली गाडी घेऊन वर जायचं, गेल्या मोसमात रोवलेल्या काठ्या शोधायच्या, बाहेर उरलेली लांबी मोजायची. काठी शक्यतो बांबूची घ्यावी. ॲल्युमिनियम उन्हात तापतं आणि बुडाशी बर्फ वितळून खळगा होतो. वारा तर कुठल्याही काठीभोवती खळगा कोरतोच, म्हणून टेप थेट बुडाला लावू नये. आडवी फळी टाकून तिच्यापासून मोजावं. एकाच काठीवर विसंबणाऱ्याला मी गंभीरपणे घेत नाही. सास्त्रुगी, म्हणजे वाऱ्याने कोरलेले बर्फाचे कंगोरे, सहज वीस-तीस सें.मी. उंच असतात, आणि काठी कंगोऱ्यावर आहे की खाचेत यावर सगळा आकडा फिरतो. काठ्यांचा चौकोनच रोवावा लागतो. शिवाय काठीचं गाडलेलं टोक ज्या थरात आहे तो थर वर्षभर दबत खाली जातो, म्हणून घनता मोजायचा खड्डा निदान त्या टोकाच्या खोलीपर्यंत तरी खणायला हवा.

हा खड्डा म्हणजेच तुमच्या प्रश्नातलं "नेमकं काय". दक्षिण गोलार्धात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे खड्ड्याची उत्तर भिंत सावलीत राहते. मोजमाप तिच्यावरच घ्यायचं आणि तिच्या वरच्या कडेला कुणीही पाय ठेवायचा नाही. रात्री सूर्य फिरून दक्षिणेला येतो आणि हीच भिंत उन्हात जाते, तेव्हा "चोवीस तास उजेड आहे, रात्री करू" हे चालत नाही. वारा बहुतेक आग्नेयेकडून, म्हणून उपसलेला बर्फ पश्चिमेला टाकायचा आणि गाडी वाऱ्याच्या खालच्या अंगाला 200 मीटर तरी लांब. नाहीतर डिझेलचा धूर हेच तुमचं संशोधन होतं.

घनतेसाठी 100 घन सें.मी.चा पत्र्याचा कटर भिंतीत घुसवायचा, कडा सपाट कापायच्या आणि वजन करायचं. 38 ग्रॅम भरलं तर घनता 380. ऐकायला सोपं आहे. पण मध्ये बर्फाची कडक पापडी लागली की ढेकूळ तुटून येतं, आणि खालच्या थरात साखरेसारखे सुटे दाणे असले की ते सांडतात आणि घनता खोटी कमी येते. प्रत्येक खोलीला शेजारीशेजारी दोन-तीन नमुने घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. इलेक्ट्रॉनिक काटा थंडीत सरकतो, वाऱ्यात नाचतो, म्हणून आडोसा करायचा आणि जादा बॅटऱ्या आतल्या खिशात ठेवायच्या. नोंदी पेन्सिलीनेच. शाई गोठते.

आता जुना वाद. "काठ्या आणि फावडी हे गेल्या शतकातलं काम, अल्ट्रासोनिक सेन्सर लावा आणि घरी बसा," असं मला एका ज्येष्ठांनी ऐकवलं होतं. तो सेन्सर वरून बर्फाकडे ध्वनी सोडतो आणि प्रतिध्वनी यायला लागलेल्या वेळावरून अंतर काढतो. ध्वनीचा वेग शून्य अंशाला सेकंदाला 331 मीटर आणि उणे 20 ला 319. ही दुरुस्ती केली नाही तर 2 मीटर अंतरात 7 सें.मी.ची चूक होते. दुरुस्तीसाठी लागणारा तापमापक वारा पडला की उन्हात तापतो आणि तोही खोटं बोलतो. सेन्सरच्या तोंडावर तुषार गोठला की काहीच येत नाही. आणि सगळं नीट चाललं तरी हातात येते ती पुन्हा उंचीच! काठीवर 45 सें.मी. वाढ दिसली, तर घनता 350 धरून 158 मि.मी. पाणी होतं, 400 धरून 180. हा फरक कुठल्या सेन्सरने मिटवायचा, ते त्यांनी सांगितलं नाही.

एक कबूल करायला हवं. 2002 ते 2017 ग्रेस आणि 2018 पासून ग्रेस-एफओ हे उपग्रह गुरुत्वाकर्षणातून थेट वस्तुमान मोजतात. पण त्यांची नजर शेकडो किलोमीटर ढोबळ आहे, आणि खाली खडक वर उचलला जातोय त्याची वजावट करावी लागते. अख्ख्या खंडाचा ताळेबंद त्यांनी काढावा. एका हिमनदीसाठी त्यांचा उपयोग नाही. सेन्सरही लावाच, हिवाळ्यात तिथे काठी मोजायला कोण जाणार? फक्त फावड्याऐवजी नको.

तुमच्याबद्दल: रसायनशास्त्रवाल्यांना काम भरपूर आहे. त्याच भिंतीतून सोडियम, सल्फेटसाठी नमुने घेतात. भिंत स्वच्छ प्लास्टिकच्या पट्टीने काही सें.मी. खरवडून, दुहेरी हातमोजे घालून, खालून वर जात. वरून सुरुवात केली तर पडणारा भुगा खालचे नमुने बिघडवतो. सोबत शुद्ध पाण्याची एक बाटली तिथेच उघडून बंद करून आणायची. हाताच्या घामातलं सोडियम नमुन्यात उतरलं का, ते तिच्यावरूनच कळतं. परतताना नमुने प्रयोगशाळेपर्यंत गोठलेलेच राहायला हवेत. वाटेत वितळले तर खड्डा फुकट.

जायचा रस्ता गोव्यात वास्कोला असलेल्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रातून जातो. नुसता अर्ज नाही, तुमच्या संस्थेमार्फत प्रकल्पाचा प्रस्ताव लागतो, मग वैद्यकीय तपासणी आणि उत्तराखंडात औलीला प्रशिक्षण. प्रस्तावात खड्डे किती, किती खोल आणि नमुन्यांचं वजन किती किलो हे लिहा. शीतपेटीतली जागा नेहमीच कमी पडते.